मास्तरांसारखे न झालेले

एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या चौघांची कामं एका भिंतीवर ओळीनं लावली आहेत, असं समजा. पहिलं नारायण श्रीधर बेंद्र्यांचं उतारवयातलं चित्र. रंगाच्या बारीक ठिपक्यांनी विणत नेलेल्या गावाकडच्या बायका. दुसरा मकबूल फिदा हुसेन यांचा घोडा, मोजक्या फटकाऱ्यांत उधळलेला. तिसरं देवकृष्ण जटाशंकर जोशींचं. त्यात माळव्याचं ऊन आणि नर्मदेचा घाट. चौथ्याला चित्र म्हणावं का, असा प्रश्न पडेल. विष्णू चिंचाळकरांनी एक वाळकी काटकी उचलून जराशी तिरपी ठेवली आहे आणि ती मान वळवून बघणारा पक्षी झाली आहे.

सह्या झाकल्या तर हे चौघे एका शाळेतले, हे जाणकारालाही सांगता येणार नाही. शाळा मात्र एकच. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इंदुरात सुरू केलेली. देवळालीकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आलेले आणि होळकरांच्या या राजधानीत चित्रकलेचा वर्ग चालवणारे. आजच्या इंदूरकराला त्यांचं नाव ठाऊक असलंच, तर ते त्यांच्या नावाच्या कलावीथिकेमुळे. त्यांची स्वतःची चित्रं किती जणांनी पाहिली असतील, शंकाच आहे. विद्यार्थी मात्र साऱ्या देशानं पाहिले. बेंद्रे आणि हुसेन दोघेही पुढे पद्मविभूषण झाले.

चांगला शिक्षक ओळखायची मला सापडलेली सगळ्यांत भरवशाची खूण या भिंतीवर आहे. त्याचे विद्यार्थी त्याच्यासारखे होत नाहीत, एकमेकांसारखेही होत नाहीत, आणि तरीही कुणाचाच हात कच्चा राहत नाही. या वाक्याचे तीन तुकडे आहेत आणि तिन्ही एकदम खरे असावे लागतात. पहिले दोन असून तिसरा नसला, तर तो शिक्षक नाहीच. मुलांना मोकळं सोडून चहा पीत बसलेला गृहस्थ आहे. तिसरा असून पहिले दोन नसले, तर तो चांगला कारागीर घडवील. तेही काम कमी मोलाचं नाही, पण ते वेगळं काम आहे.

बी.एड.च्या गाइडात शिक्षकाच्या गुणांची यादी असते. विषयावर प्रभुत्व, स्पष्ट वाणी, पूर्वतयारी, सहनशीलता, निःपक्षपातीपणा, विनोदबुद्धी, वेळेचं भान. यादीतलं एकही कलम खोटं नाही. अडचण अशी की ही सगळी कलमं अंगी असलेले आणि तरीही ज्यांच्या वर्गात काही घडत नाही असे शिक्षक आपण सगळ्यांनीच भोगलेले आहेत. उलट तोंडातल्या तोंडात बोलणारे, तिरसट, खडूनं माखलेले मास्तर, ज्यांच्या तासाला आयुष्य वळलं, तेही पाहिलेले आहेत. गुण असणं आणि ते विद्यार्थ्याच्या कामी येणं यात अंतर आहे. ते अंतर कशानं कापलं जातं, एवढाच माझा प्रश्न.

पहिल्यांदा पक्क्या हाताचं बोलू, कारण तिथेच गल्लत फार होते. देवळालीकरांचे विद्यार्थी वेगळे निघाले म्हणून त्यांनी मुलांना ‘मनाला येईल ते काढा’ म्हणून सोडून दिलं, असं कुणी समजू नये. जे. जे.ची शिस्त म्हणजे प्रमाण, यथार्थदर्शन, छायाप्रकाश, समोर ठेवलेल्या भांड्याच्या तोंडाची लंबगोल रेघ पुन्हापुन्हा काढणं. इंदूरची मुलं मुंबईच्या परीक्षांना बसत. बेंद्र्यांनी १९३३ साली तिथला जी. डी. आर्ट मिळवला. काटकीचा पक्षी करणाऱ्या चिंचाळकरांचाही आधी व्यक्तिचित्रणात हात बसलेला होता. हे सांगावंसं वाटतं ते हल्लीच्या ‘क्रिएटिव्ह’ शिबिरांमुळे. तिथे दोन तासांत मुलाच्या हातात फ्रेम केलेलं चित्र पडतं आणि पुढल्या वर्षी त्याला साधं टेबल काढता येत नाही.

मग एकच कवायत सगळ्यांना घालून चौघे चार दिशांना कसे गेले? माझ्या मते उत्तर एका सीमेत आहे. कुठल्याही विषयात काही भाग सगळ्यांचा असतो आणि काही ज्याचा त्याचा. उजेड डावीकडून येत असेल तर सावली उजवीकडे पडणार, हे सगळ्यांचं. त्यात मास्तरांनी सवलत देऊ नये. त्या उजेडातलं काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठे थांबायचं, कुंचला कितपत भरून घ्यायचा, हे ज्याचं त्याचं. तिथे मास्तरांनी हात घालू नये. ही सीमा दर विषयात वेगळ्या ठिकाणी असते आणि दर मुलागणिक थोडी सरकतेही. ती कुठून जाते हे ओळखणं, हेच शिकवण्याचं कसब. कडक मास्तर ती पुढे ढकलतात आणि मुलाचं अंगणही आपल्या सातबाऱ्यावर चढवतात. लाडिक मास्तर ती मागे ओढतात, आणि मुलाला सावलीचीही सूट मिळते.

इंदूरकडच्या निसर्गचित्रांची मुंबईच्या कलावर्तुळात वेगळी ओळख झाली, ती त्यांतल्या मोकळ्या, भरीव फटकाऱ्यांमुळे आणि उन्हामुळे. बाहेर बसून चित्र काढण्याचा इथे शिकवण्याच्या दृष्टीनं मोठाच उपयोग झाला असणार. वर्गात एकच मडकं मांडलेलं असतं आणि मास्तर पाठीशी उभे असतात. बाहेर पाच मुलं एका झाडाखाली बसली तरी पाचही वेगवेगळ्या दिशांना तोंड करतात. ऊन कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मास्तरांना विचारून मग रंग लावू, ही सोय उरत नाही. ठरवावं लागतं, आणि ठरवण्याची सवय लागली की माणूस आपोआप शेजाऱ्यापेक्षा वेगळा होऊ लागतो.

आता चित्रकला सोडून थोडं गणिताकडे. कारण इथे हमखास आक्षेप येतो, की कलेत वेगळेपण ठीक आहे, पण दोन अधिक दोन चारच होतात. तिथे विद्यार्थी एकमेकांसारखे नसतील तर नापास होतील.

इंदूरच्या जुन्या पलासियातल्या एका गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई घरीच सहावी-सातवीच्या मुलांचं गणित घेतात. दारावर पाटी नाही. पुढच्या खोलीत सतरंजी आणि भिंतीला टेकवलेला छोटा फळा. त्यांच्याकडे एकदा काही निरोप द्यायला गेलो आणि बसूनच राहिलो. एका मुलीनं वही पुढे केली. तिनं १/२ + १/३ = २/५ असं मांडलं होतं. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा.

“काकू, बरोबर आहे ना?”

बाईंनी पेन उचललं नाही. “अर्धी पोळी आहे. तिच्यात अजून थोडी पोळी घातली. मग अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी?”

“जास्त.”

“मग तुझं दोन-पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त आहे का, बघ बरं.”

मुलगी गप्प झाली. बाईही गप्प. मलाच राहवेना, पण मी जीभ आवरली. मुलीनं मागच्या पानावर एक पट्टी आखली, तिचे पाच भाग केले, दोन रंगवले. रंग मधल्या रेघेपर्यंत पोहोचत नव्हता. “अय्या, हे तर कमी झालं!” बाई म्हणाल्या, “हो ना. घालत गेलो आणि कमी झालं. कुठे घोळ झाला असेल?” आणि उठून दुसऱ्या मुलाकडे गेल्या.

त्या उठून गेल्या, हे मला फार आवडलं. परत आल्या तेव्हा मुलीला कळलं होतं, की अर्ध्याचे तुकडे आणि तिसऱ्या हिश्श्याचे तुकडे एका मापाचे नाहीत. माप एक केल्याशिवाय मोजता येणार नाहीत. तिनं सहा खणांची पट्टी काढली, तीन खण एका रंगाचे, दोन दुसऱ्या. पाच-षष्ठांश. शेजारच्या मुलानं तेच गणित लसावि काढून दोन ओळींत संपवलं होतं. तिसऱ्यानं घड्याळ काढलं होतं, अर्धा तास आणि वीस मिनिटं मिळून पन्नास मिनिटं, साठातली पन्नास. बाईंनी तिघांच्याही वह्यांवर बरोबरची खूण केली आणि मग तिघांना एकमेकांच्या वह्या बघायला लावल्या. उत्तर एक, वाटा तीन. गणितातही सीमा आहे ती अशी. पाच-षष्ठांश सगळ्यांचं, तिथवर जायची वाट ज्याची त्याची.

यात बाईंची कोणती विद्या कामी आली? अपूर्णांकांची बेरीज गल्लीतल्या निम्म्या मोठ्या माणसांना येते. ‘छेद सारखे करून घे’ असं तिथल्या कुणीही सांगितलं असतं, मुलीनं केलंही असतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वरच्यात वरचा मिळवला असता. बाईंना गणित येत होतंच. त्याशिवाय ते गणित बारा वर्षांच्या डोक्यात नेमकं कुठे आणि का अडखळतं, हेही ठाऊक होतं. ‘दोन-पंचमांश’ ही मुलीची निष्काळजी चूक नव्हती, त्यामागे एक नियम होता. पूर्णांकांच्या बेरजेत इमानानं चाललेला नियमच तिनं इथे लावला होता. तो नियम मोडायचा तर त्याच्याच तोंडून ‘घातलं आणि कमी झालं’ असं विपरीत वदवून घ्यावं लागतं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये नेमकं हेच मांडलं. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या दोन, आणि या दोन्हींहून निराळं तिसरं ज्ञान असतं, की हा विशिष्ट विषय शिकणाऱ्याला कुठे सोपा जातो, कुठे फसवतो आणि कोणत्या उदाहरणानं उलगडतो. डॉक्टरला असं वेगळं ज्ञान लागतं हे सगळे मान्य करतात; शिक्षकाच्या बाबतीत मात्र ‘विषय येतो ना, मग शिकवेल’ अशी आपली समजूत.

आणि बाई गप्प राहिल्या, त्याचीही किंमत आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असं त्यांना आढळलं. तो सेकंद तीनावर नेला की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, आणि मुलं उलट प्रश्नही विचारू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. पण वर्गासमोर उभं राहून मनात एक, दोन, तीन मोजून पाहा. घशाशी आलेलं उत्तर गिळताना घाम फुटतो. शिकवणाऱ्याला सगळ्यांत जड जातं ते हेच, स्वतःला येत असलेलं न सांगणं.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इंदूरचा आराखडा करायला आला होता, त्याची गोष्ट इथे थोडी वाट वाकडी करून सांगतो. तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. स्वच्छतेवर व्याख्यानं देण्याऐवजी त्यानं १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली. तीत कचऱ्याचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीर होता. खरी मेख मार्गात होती. मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या गल्लीतली जास्त घरं झाडूनपुसून, डागडुजी करून सजलेली असतील तिथून जाईल, असं त्यानं आधीच जाहीर केलं. झालं, गल्ल्या कामाला लागल्या. त्याचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापून आला, पण शहरानं धडा घेतला तो वाचून नाही. हातातलं काम शिकणाऱ्याच्याच हातात राहू देणं, आणि तरी त्याला नेमक्या जागी पोहोचवणं. अपूर्णांकवाल्या बाई आणि गेडिस यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता आमच्या पलासियाच्या चौकातल्या पाट्यांकडे. महात्मा गांधी मार्ग आणि आग्रा-मुंबई रस्ता जिथे मिळतात त्या भागात आणि पुढे गीता भवनपर्यंत क्लासांचे फलक लागलेले असतात. पासपोर्ट फोटोंच्या रांगा, प्रत्येकाखाली क्रमांक. खरगोन, बडवानी, धारकडून मुलं येतात, आईबाप शेती-दागिने मोडून फी भरतात, त्यांची चेष्टा करायचा मला अधिकार नाही. ठरलेल्या मिनिटांत ठरलेल्या प्रश्नांतून चार पर्यायांपैकी एक निवडायचा, ही एक स्पर्धा आहे, तिची तालीम लागते आणि काही क्लास ती उत्तम देतात. पण त्या फलकांवरून शिकवणं कळत नाही, कारण फलकावर निवडून आलेल्यांचे फोटो असतात. बसले किती होते, हे लिहिलेलं नसतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी प्रवेशालाच परीक्षा घेऊन हुशार मुलं फी-माफीवर घेतलेली असतात. जो आधीच धावत होता त्याला शेवटचे शंभर मीटर पाणी पाजणं आणि जो उभा होता त्याला चालतं करणं, या दोन्हींना एकच बक्षीस देऊन चालणार नाही.

हाच आक्षेप देवळालीकरांवरही उलटवता येतो, आणि तो टाळता कामा नये. हुसेन हुसेनच झाले असते, मास्तर कुणीही असते तरी. असेलही. पंढरपुरात जन्मलेला आणि इंदुरात वाढलेला हा मुलगा त्यांच्या वर्गात काही काळच होता; पुढे मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत त्यानं आपला रस्ता स्वतः खणला. प्रतिभा शिक्षकाची देणगी नसते. पण एक बारीक गोष्ट बघा. हुसेनच्या वडिलांना, मुलानं चित्रकार व्हावं हे पटवायला घरी गेले ते बेंद्रे, असं हुसेन सांगत असत. बेंद्रे हुसेनपेक्षा पाचच वर्षांनी मोठे. म्हणजे ज्या वर्गातला वरचा विद्यार्थी, आपल्यासारखं मुळीच न काढणाऱ्या पोराच्या घरी त्याची वकिली करायला जातो, त्या वर्गाची हवा काय असेल? आपल्याहून वेगळ्याचं कौतुक वाटणं ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे. ती मास्तर बोलून शिकवत नाहीत. मास्तर कुणाच्या चित्रापुढे किती वेळ उभे राहतात, हे मुलं बघत असतात.

दुसरा आक्षेप संगीतवाल्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. आपल्या घराण्यांत गुरूसारखं होणं हीच पावती. शिष्याच्या तानेत गुरू ऐकू आला की जाणकार मान डोलावतात. मग माझी खूण इथे खोटी ठरते का? उत्तरासाठी इंदूरहून देवासला जाऊ या. कुमार गंधर्व लहानपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात. सारखेपणा हीच त्या पोराची कमाल होती आणि त्यासाठीच लोक तिकिटं काढत. असा मुलगा १९३६ च्या सुमारास मुंबईला प्रा. बा. र. देवधरांकडे आला. देवधर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेतले. पण निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना आपल्या शाळेत बोलावणारे, त्यांच्याकडून चिजा गोळा करणारे, पुढे त्यांच्यावर ‘थोर संगीतकार’ लिहिणारे. नक्कल बिनचूक करणाऱ्याला त्यांनी आणखी एक उत्तम नमुना, म्हणजे स्वतःला, पुढे केलं असतं तर काम सोपं होतं. त्यांनी नमुने इतके वाढवले की कुणा एकाची नक्कल पुरेना. १९४८ मध्ये आजारपणामुळे कुमार देवासला येऊन राहिले आणि पुढे माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी जे काढलं, त्यात देवधर कुठे शोधायचे? सुरात शोधा, सूर पक्का होता. बाकी सगळं कुमारांचं. घराण्यातही सीमा असते, एवढंच. तिथे ती फार पुढे, कसून आखलेली असते. मोठे गुरू ती ओलांडायची वेळ ओळखतात.

मुलांना आपल्यासारखं होऊ न देण्याची सगळ्यांत नामी युक्ती मात्र बेंद्र्यांकडे होती. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलांची शाखा सुरू झाली आणि बेंद्रे तिथे चित्रकला शिकवू लागले. १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले, १९६६ मध्ये बाहेर पडले. त्यांची ख्याती होती ती मुलांसमोर प्रत्यक्ष चित्र काढून दाखवण्याबद्दल. हा मार्ग फार धोक्याचा. सिद्धहस्त माणूस समोर रंग लावू लागला की वीस मुलं वीस छोटे बेंद्रे होणार, हे ठरलेलं. झालं उलटं. ज्योती भट्ट मुद्राचित्रणाकडे वळले आणि पुढे कॅमेरा घेऊन खेड्यांतली भिंतीवरची, अंगणातली चित्रं टिपत फिरले. हकू शाह आदिवासी आणि लोककलेकडे गेले. शांती दवे अमूर्ताकडे. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष तंत्राच्या आकृत्यांकडे. रतन परिमू चित्र काढता काढता कलेचा इतिहास लिहू लागले. गुलाममोहम्मद शेख गोष्टी सांगणारी चित्रं काढू लागले, आणि गुजराती कवी म्हणूनही नावाजले.

हे कसं झालं याचा विचार करताना बेंद्र्यांच्याच चित्रांकडे पाहावं. इंदूरची मोकळी निसर्गचित्रं, मग घनवादी वळणाचे प्रयोग (त्यांच्या ‘काटा’ या चित्राला १९५५ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला), मग अमूर्त, मग पुन्हा मागे फिरून ठिपक्यांची माणसं. ते सतत हलत होते. गुरूच एका जागी उभा राहत नसेल तर शिष्यानं नक्कल कशाची करायची? त्याला समोर तयार शैली दिसत नाही. एक माणूस स्वतःच्या चित्राशी झटापट करतो आहे, हे दिसतं. तेवढंच उचलण्याजोगं उरतं. गुणांच्या यादीत ‘सतत शिकत राहणं’ असं एक गुळगुळीत कलम असतं, त्याचा खरा उपयोग हा. शिक्षकाच्या ज्ञानात भर पडते ती गौण. तो शिकताना दिसतो, हे महत्त्वाचं.

विज्ञानात याचं सगळ्यांत धाडसी रूप याच प्रांतात घडलं. होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, सोळा शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ या संस्थांनी प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ पासून तो जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल शाळांत गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं तो सांभाळला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. मुलांच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, तयार उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण उत्तर त्यात सापडणारच नव्हतं. सवालीराम नावाच्या एका काल्पनिक इसमाला मुलं पोस्टानं प्रश्न पाठवत आणि सवालीरामाची उत्तरं येत. यात सगळ्यांत अवघड परीक्षा शिक्षकांची होती. वीस वर्षं फळ्यावर उत्तर लिहून देणाऱ्याला भर वर्गात ‘मला माहीत नाही, करून बघू’ म्हणावं लागे. त्यासाठी उन्हाळी प्रशिक्षणं, महिन्याच्या बैठका, विद्यापीठातल्या वैज्ञानिकांबरोबर बसून तेच प्रयोग स्वतः करणं, असा सगळा सरंजाम होता. म्हणजे ‘शिक्षक जन्मावा लागतो’ हे अर्धसत्य. सीमा ओळखायला, गप्प बसायला, चुकीमागचा नियम वाचायला शिकवता येतं. फक्त दोन दिवसांच्या सक्तीच्या प्रशिक्षणात ते होत नाही.

चिंचाळकरांबद्दल थोडं सांगायचं राहिलं. अख्खं इंदूर त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. कॅनव्हास बाजूला ठेवून त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंकडे बघायला सुरुवात केली. झाडाची साल, सुकलं पान, मोडकं भांडं. मुलांच्या घोळक्यात बसून ते अक्षरांतून, आकड्यांतून चित्रं उभी करत. त्यांच्यापाशी मुलगा काय शिकून जाई? काटकी कशी ठेवावी, हे नाही. ती काटकी तर तिथेच राहिली. घरी जाताना रस्त्यावरची दुसरी काटकी त्याला दिसू लागे. समर्थांनी दासबोधात सद्गुरूचं वर्णन करताना परिसाची उपमा तोकडी ठरवली आहे, ती इथे आठवते. परीस लोखंडाचं सोनं करील, पण त्या सोन्याला परिसपण देणार नाही. सद्गुरू शिष्याला गुरुपणच देतो. देवळालीकरांच्या चौघांतले दोघे, बेंद्रे आणि चिंचाळकर, पिढ्यांचे शिक्षक झाले, आणि तेही एकमेकांसारखे नाहीत. एक विद्यापीठाचा अधिष्ठाता, दुसरा पोरांच्या घोळक्यातला गुरुजी.

पलासियात क्लास शोधत फिरणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. निकाल विचारा, फीही विचारा. पण पैसे भरायच्या आधी त्याच वर्गातल्या दोन मुलांच्या वह्या बघायला मागा आणि दोन्हींत एकच गणित उघडा, एकच निबंध उघडा. गणिताचं उत्तर तेच असावं, पायऱ्या निराळ्या असाव्यात; कुठे खोडलेलं, कुठे पट्टी काढलेली असावी. निबंधाची पहिली ओळ दोन्ही वह्यांत शब्दशः तीच निघाली, तर आभार माना आणि पुढचं दार ठोठावा.